म्हस पळवली कुणी?

परदेशी गेममधल्या घोड्याला कंटाळून मी त्याच्या जागी आमची म्हस, बिजली, आणून सोडली. चाहते गेममध्ये अशी पदरची भर घालतात, तिला मॉड म्हणतात. शिंगांना मोरपिसं लावली आणि वडिलांची, आण्णांची, 'चल गं बिजलेऽऽ' ही हाक गोठ्यातनं रेकॉर्ड करून घातली. बटण दाबलं की डोंगरापलीकडनं बिजली धावत यायची. मग राक्षस मारायचे राहिलेच. मी दिवसभर म्हसच पळवायला लागलो.

दिवाळीच्या पाडव्याला उचगावात मालकाच्या मोटारसायकलमागं म्हशी पळवायची शर्यत होती. नेमका आण्णांचा पाय मुरगळला. म्हणाले, "कंप्युटरवर रोज पळीवतोस की! आज गाडी तू घे."

मी ऐटीत गाडीवर बसलो आणि बिजलीला हाक मारली. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि रवंथ करत उभी राहिली. सगळी गल्ली हसली. शेवटी मी मोबाईल काढून गेममधली हाक लावली. बिजली अशी उधळली, की पहिलीच आली.

पंच फेटा घेऊन माझ्याकडं आले, तसे आण्णा लंगडत आडवे आले.

"थांबा पावणं, फेटा मोबाईलला बांधा. ह्यो घरात बसतोय तसाच गाडीवर बसलता."