सातवं काडतूस

बागेतून परतलेल्या सासऱ्यांनी बंदूक माडीवरच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. काडतुसांची पेटी खाली, वेगळ्या कुलपात असे. सुनेने काडतुसं मोजली. सातऐवजी सहाच होती.

"मामंजी, एक कमी आहे."

"डुकरावर झाडलं."

"मग पुंगळी कुठंय? रिकामी पुंगळी तुम्ही कधी टाकत नाही."

सकाळीच बांधावरच्या दगडी गडग्यावरून शेजारच्या तातूशी सासऱ्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

"तातूकाका बरे आहेत ना?"

त्यांनी खिशातून न झाडलेलं काडतूस काढून तिच्या हातावर ठेवलं.

"पाठमोरा बसला होता. नातीची वेणी घालत होता." त्यांनी कपाटाची किल्लीही तिच्यापुढे धरली. "उद्या सगळं ठाण्यात जमा करू. तोवर किल्ली तुझ्याकडे. मी मागितली तरी देऊ नकोस."