एकदाच व्हय

"भट्टी पेटवा," केतकी शिंत्रे म्हणाली. कोल्हापूरच्या त्या फाउंड्रीत मॅनेजर म्हणून तिचा पहिलाच आठवडा होता. तिचा हुकूम, प्रत्येकाच्या कानात बसवलेल्या दुभाष्या यंत्राने गोड करून भट्टीवरच्या तुकातात्यांना ऐकवला. तिथे चार वर्षांत कुणी कुणाशी थेट बोललंच नव्हतं.

"व्हय व्हय," तात्या म्हणाले.

"संमती शंभर टक्के," दुभाष्याने केतकीच्या कानात सांगितलं.

केतकी थबकली. तिचे वडील आईला असंच दोनदा व्हय म्हणायचे, आणि ते काम कधीच व्हायचं नाही! तिने सगळ्यांदेखत कानातला दुभाष्या काढून खिशात टाकला.

"तात्या, मनात काय आहे ते मला सांगा."

तात्यांनी जरा इकडेतिकडे पाहिलं आणि आपलाही दुभाष्या काढला. "बाई, भट्टीचं अस्तर तडकलंय. पेटवली तर तापलेला रस भाईर फुटंल, माणसं भाजतील. चार दिस सांगतोय, पर ह्यो कानातला म्हणतोय, तक्रारीचा सूर नको."

केतकीने काम थांबवलं. मालाला तीन दिवस उशीर होईल, हे तिने गिऱ्हाइकाला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, शिव्याही स्वतःच्याच कानांनी ऐकल्या.

चौथ्या दिवशी अस्तर नवं झालं होतं आणि भट्टीपुढे सगळे उघड्या कानांनी उभे होते.

"तात्या, पेटवायची?"

"व्हय!"

तात्या एकदाच म्हणाले, पण असे की छपरावरची कबुतरं उडाली.