आर्नेलचा पेला

माझी बायको सुमिए गेल्याचं सकाळी इस्पितळात कळलं आणि दुपारी तिला घरी आणलं. जपानातल्या मोजी बंदराजवळ आमची खाणावळ आहे, घर वरच्या मजल्यावर. संध्याकाळी मी चूल पेटवली तेव्हा मेहुणी जिन्यातूनच म्हणाली, "भावोजी, आज तरी बंद ठेवा. लोक काय म्हणतील?"

"जहाज लागलंय. पोरांना जेवू घालायचं तिनं कबूल केलंय."

फिलिपिनो खलाशी पोरं आली. त्यांच्यातला आर्नेल नेहमीसारखा सुमिएला हाक मारत ओरडला, "मावशी, या निलोला धरा! पुन्हा स्वतःचा पेला स्वतःच भरतोय!"

आपण शेजाऱ्याचा पेला भरायचा, मग तो आपला भरतो. ही जपानी रीत सुमिएनं त्यांना रागावून रागावून शिकवली होती.

मी तिच्या उशाशी ठेवायचं वाडगं भरत होतो. भाताचा उंच ढीग केला आणि त्यात जेवायच्या काड्या उभ्या रोवल्या.

"काका, चुकलात! भातात काड्या उभ्या करायच्या नाहीत. मावशी म्हणते, तसं फक्त मेलेल्या..."

तो थांबला. त्यानं जिन्याकडे पाहिलं.

मी वाडगं वर ठेवून आलो आणि सगळ्यांना मासे वाढले. आर्नेलनं माझ्यासमोर पेला ठेवला आणि तिनं शिकवलं होतं तसा, दोन्ही हातांनी बाटली धरून भरला. मी प्यायलो. तेवढ्यात जहाजावरून बोलावणं आलं आणि पोरं धावत गेली.

जहाज पुन्हा लागेल तेव्हा खाणावळ उघडी असेल. आर्नेलचा पेला भरायचा राहिला आहे.