नुसतं सरकलेलं घर

निवृत्तीच्या पैशांतून आम्ही नदीकाठच्या हरणीत कारखान्यातून तयार आलेलं घर बसवलं. विमा एजंट असलेल्या साडूंनी उतरवला, म्हणून पॉलिसी वाचली नाही. घरच्या माणसासमोर वाचत बसणं बरं दिसत नाही. विश्वामित्री नदीच्या पुराने ते घर उचलून शेजारच्या पटेलांच्या प्लॉटवर तिरकं ठेवलं. विमा कंपनीचा सर्व्हेअर फाटकातूनच गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला, "काका, घर मस्त उभं आहे ने! मोडलं असतं तर भरपाई होती. नुसतं सरकणं पॉलिसीत येत नाही." "सरकणं? फिरायला गेलं होतं का ते?" बायकोने विचारलं. "आत जाऊन तरी बघा." तो आत गेला. तिने बाहेरून कडी घातली. घर कुरकुरत आणखी कललं. "काकी, दरवाजा उघडा! अख्खं घर मोडतंय!" तो आतून ओरडला. "हेच लिहा," ती खिडकीच्या गजांतून म्हणाली, "सही करा, कागद बाहेर द्या. मग कडी काढते."