चुंबळ

गोदाची मान पुन्हा उजव्या खांद्यावर कलंडली आणि पेजेचा चमचा परशुरामच्या हातात तसाच राहिला.

चमचा वाटीत ठेवून त्यानं बायकोचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, खुर्चीच्या उशीवर मधोमध टेकवलं आणि जपून हात काढले. डोकं क्षणभर राहिलं, मग हळूच घसरलं.

खुर्ची देवेशनं आणली होती. आईसाठी पोरानं काही कमी केलं नव्हतं. खुर्चीला इतकी बटणं होती की परशुरामला वाटायचं, एखादं चुकीचं दाबलं तर बाराव्या मजल्यावरून आपण दोघं थेट बाळकुमच्या खाडीत जाऊन पडू. पाठ मागे जायची, पाय वर यायचे. फक्त गोदाची मान सावरणं काही त्या खुर्चीला जमत नव्हतं. गळ्याचा पट्टा लावून पाहिला, तर हनुवटीखालची कातडी सोलपटून निघाली.

आजार मोटर न्यूरॉनचा. आधी हात गेले, बोटं तेवढी जराशी हलायची; मग बोलणं, आता मान. डोकं मात्र लख्ख होतं, आणि तेच परशुरामला सोसवत नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मान सरळ राहून नीट गिळता आलं तर तोंडानं द्या, नाहीतर सोमवारी पोटात नळी घालू. आज रविवार होता. परशुरामला नळी नको होती. गोदाला काय हवंय, हे विचारायची त्याची हिंमत झाली नव्हती.

तो उठला आणि कपाटातून तिचं जुनं लुगडं घेऊन आला.

"बाबा, हे काय काढलंत?" सून करिश्मा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"चुंबल करतो. डोक्याखाली ठेवाला."

"चुंबळ म्हणजे?"

"टोपलीखाली बायका जुन्या कापराचं गोल करून ठेवतात ना, ती. तुझी सासू सगला दिस मिठागरात मीठ वाहाची. मान कवा हलली नाय तिची."

"पण फिजिओवाल्या मॅडमनी पट्टाच लावायला सांगितलाय ना..."

परशुरामनं ऐकलं नाही. लुगड्याला पीळ घातला, गोल केलं, आणि हात सोडताच ते भसकन उलगडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चुंबळ त्यानं जन्मात कधी वळली नव्हती. ते गोदाचं काम, ती बोलता बोलता वळून मोकळी व्हायची. त्याचं काम मिठाची पाटी तिच्या डोक्यावर चढवायचं, आणि तिनं त्याच्या मनगटावर बोटं दोनदा आपटली की उतरवून घ्यायचं. वजन पेलवत नाही, असं मुकादमासमोर तोंडानं म्हणणारी ती बाई नव्हती. बोटं आपटली की तोही काही न विचारता पाटी खाली घ्यायचा.

गोदा त्याच्या हातातल्या बोळ्याकडे बघत होती. तिचे डोळे हसत होते.

"हसतंस काय गो? शिकवलीस का कवा मना?"

तिनं नजर खाली नेली, स्वतःच्या मांडीवर पडलेल्या हाताकडे. मग त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे. आणि परशुरामला एकदम आठवलं. ती चुंबळ वळायची ती स्वतःच्याच हाताभोवती.

त्यानं तिचा हात उचलला. फार हलका झाला होता. पिळलेलं लुगडं त्या पंजाभोवती गुंडाळत तो तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला. चुकलं की ती डोळे मिटायची, मग तो उलगडून पुन्हा गुंडाळायचा. शेवटी टोक आत खोचलं आणि कडं तिच्या हातातून अलगद ओढून काढलं. ते सुटलं नाही.

खुर्ची थोडी मागे कलती करून त्यानं चुंबळ तिच्या डोक्यामागे ठेवली. डोकं तिच्यात बसलं. तरीही हात लांब न्यायचा त्याला धीर होईना.

"करिश्मा, बघ गो!"

करिश्मा बाहेर आली, तिनं पाहिलं आणि तिचे डोळे भरले. तिनं लगेच देवेशला फोन लावला. "अरे, आईंची मान राहिलीय! बाबा पेज देतायत, बघ."

"सांग त्याला, नली नको," परशुराम म्हणाला.

पहिला चमचा गोदानं बराच वेळ तोंडात धरला. मग गळा हलला आणि पेज खाली उतरली. दुसरा गेला. तिसऱ्याला तिच्या कपाळावर घाम आला, तो त्यानं पंच्यानं टिपला. आनंदानं त्याला बोलल्यावाचून राहवेना. "आता रोज अशीच बसवतो तुना. निवट्या मासलीचा रस्सा करून देतो, गालून. मग त्या डॉक्टरला..."

त्याच्या मनगटाला काहीतरी लागलं. त्याचं डावं मनगट तिच्या बोटांवर टेकलेलं होतं. तिची दोन बोटं जेमतेम उचलली गेली, पडली. पुन्हा उचलली गेली.

त्यानं वाटीत पाहिलं. अर्धी पेज अजून तशीच होती.

"आनखी थोरीच हाय गो," तो म्हणाला.

बोटं पुन्हा दोनदा हलली.

पण आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ती खूण कळलीच नाही असं दाखवलं आणि चमचा पुढे केला.

गोदा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंड उघडलं.