खालच्या बागेतला हशा

रियाधमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये सदानंद दर शुक्रवारी संध्याकाळी खिडक्या लावून, दबक्या आवाजात कीर्तन करायचा. पण आख्यान रंगात आलं, की नेमका खालच्या कॅफेच्या बागेत हशा उसळायचा आणि समोर बसलेल्यांचे कान तिकडे लागायचे.

"बिनदारूची बिअर पिऊन एवढं खिदळतात?" तो एकदा जळफळला.

"अहो, निदान हसतात तरी," त्याची बायको वासंती म्हणाली. "आपल्याकडे कोण हसतंय?"

ते त्याला झोंबलं. त्यानं नगरपालिकेकडे गोंगाटाची तक्रार करून बाग बंद पाडली. या शुक्रवारी टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या डोळे भरून पाहिल्या, मगच खिडकी लावली.

सुदाम्याचं आख्यान सुरू झालं. "सुदामा पोह्यांची पुरचुंडी अशी लपवतो, जशी आपण विमानतळावर लोणच्याची बरणी!"

खोलीत सगळे गप्प. हशा खालून आला.

त्यानं खिडकी उघडली. खुर्च्या तशाच उलट्या. बागेत चिटपाखरू नव्हतं. त्याचं पुढचं वाक्य ओठांवरच राहिलं.

ते वाक्य बागेतून आलं. त्याच्याच आवाजात, पण मोकळ्या गळ्यानं, त्याला कधीच साधलं नव्हतं इतकं गोड.

आणि खोली हसली. सगळ्यांत आधी, खिडकीकडे बघत, वासंती.