कुंदाची खुंटी

“साहेब, दोन हजार साली आमच्या घरी दिवा लागन का?” मैत्रिणींनी “विचारून दाखव” म्हटलं आणि दहावीतल्या कुंदाने भर वर्गात ठसक्यात विचारलं.

गोबरगॅसची योजना समजवायला सौसरच्या शाळेत आलेल्या साहेबाने टेबलावर गावाचा लाकडी नमुना मांडला होता, घराघरात तारेने जोडलेले बारके दिवे बसवलेला. घरात माणसांच्या, गोठ्यात गुरांच्या खुंट्या रोवायच्या आणि चक्र हव्या त्या सालावर फिरवायचं, की त्या साली कोणाकडे उजेड होईल ते दिसे.

कुंदाने आई, बाबा आणि दोन गाईंच्या खुंट्या रोवल्या. घर उजळलं. मग स्वतःची रोवली, तर विझलं.

“तार ढिली असेल,” साहेब म्हणाला. त्याने तार बदलली, साल बदललं, गाई वाढवल्या. कुंदाची खुंटी काढली तरच दिवा लागे.

“माह्या घरी ये राहाले!” तिची मैत्रीण मंगलाने हसत ती खुंटी आपल्या घरात रोवली. मंगलाचं घर विझलं. मग कोणीच हसलं नाही.

संध्याकाळी घरी आई याच योजनेतून नुकत्याच बसलेल्या गोबरगॅसवर भाकरी भाजत होती, बाबा शेजारी बसले होते. कुंदाने उंबरठ्यात पाय ठेवला आणि निळी ज्योत खाली बसली. तिने पाय मागे घेतला. ज्योत उठली.

“आई, बाबा,” ती अंगणातूनच म्हणाली, “मी आता आत नाही येत. मले घरात मोजू नका.”